गोकुळानं शिकवलेली सही

माह्यं लग्न जमत नव्हतं, तेथून ही गोष्ट लागते.

पंचवीस वर्षाचा घोडा झालो होतो मी. आमच्या ढिवर लोकाईत अठरा-वीसले पोट्ट्याचं उरकून टाकतात. ज्याचं होत नाई त्याले तलावावर असे टोचतात का इचारू नका. मी जाळ्याची दोरी धरली का मांगून कोणीतरी म्हणे, "केवळराम भाऊले धरून ठेवा बाप्पा, मासोळी दिसली का बायको समजून उडी घालन." सगळे हासत. मी पण हासो. दुसरं काय करन माणूस?

आता जमत काऊन नव्हतं, ते सांगतो. आमच्यात तवा देज द्यावं लागे. पोरीच्या बापाले पोरावाल्यानं पैसा, लुगडी, तांदूळ असं सगळं द्याचं, मंग पोरगी आणाची. माहा बाप वैनगंगेच्या पुरात डोंग्यासंगं गेला. मी पंधराचा होतो, माही बहीण गोकुळा सहाची. मांगं राह्यलं काय, तं दीड एकर धानाची बांधी, एक जाळं अन् माय. देज कुठून आणता?

ज्याच्याजवळ पैसा नाई त्याले एकच वाट, साटंलोटं. आपली पोरगी त्याईच्या घरी द्याची अन् त्याईची आपल्या घरी आणाची. कोणाचंच काई निघत नाई. म्हणून ज्याले बहीण आहे त्याचं लग्न झाल्यातच जमा. गोकुळा जन्मली तवा आमच्या आजीनं माह्या कपाळाले हळद लावली होती, "घे रे केवळ्या, तुही बायको आली." मी लहान होतो. मले वाटलं बुढी भकून राह्यली.

गोकुळा शाळेत गेली ते काही कोणी ठरवून धाडली नाई. बाप गेल्यावर माय रोज टोपलं डोक्यावर घेऊन चामोर्शीले मासोळ्या इकाले जाये, दीड कोस. पोरीले घरी ठेवावं तं दारापुढंच तलाव, अन् मायच्या मनात पाण्याचं भ्याव बसलेलं. मंग ती गोकुळाले संगं ने अन् शाळेच्या ओट्यावर बसवून गल्लीगल्लीनं फिरे. गोकुळा ओट्यावर बसून खिडकीतून ऐके. एक दिवस आतल्या पोरीले सातचा पाढा आला नाई, तं हिनं बाहेरून म्हणून टाकला. गुणवंतराव गुरुजी बाहेर आले, हिच्याकडे पाह्यलं, अन् हाताले धरून आत घेऊन गेले. बस, तेवढंच तिचं नाव घालणं.

पोरी तिच्याजवळ बसत नसत. मासोळीचा वास येते म्हणत. ती घरी येऊन रडली नाई कधी, पण सकाळी तलावावर रिठ्यानं हात घासत बसे, कातडी लाल होयपर्यंत. गुरुजीनं तिले आपल्या टेबलापाशी बसवली. ते म्हणत, वास तिकडं बसणाऱ्याच्या नाकात असते. अशी ती चौथी झाली, पाचवी झाली, अन् सातवीची परीक्षा पास झाली तं सगळ्या केंद्रात पहिली. पोट्टे नं पोट्ट्या सगळ्याईत.

आता सहीचं सांगतो.

त्याच साली शिमग्याच्या आधी आमच्या तलावाचा लिलाव झाला. कागदावर निशाणी द्याले मले बोलावलं. कारकुनानं माहा अंगठा धरला, शाईत दाबला, कागदावर दाबला अन् हात सोडून देल्ला, जसा बैलाले नाल मारून पाय सोडून देते तसा. गोकुळा संगं होती. घरी आल्यावर म्हणे, "भाऊ, तू आजपासून सही शिक."

मी म्हणलं, माह्या हातात पेनसील बसत नाई वं. खरंच बसे नाई. जाळं इणायची सुई धरावी तशी मी पेनसील धरो, अन् ती मोडे. तीन पेनसिली मोडल्या. मंग तिनं काय केलं, जाळ्याची सनाची सुतळी घेतली अन् सारवलेल्या जमिनीवर माह्यं नाव मांडलं. केवळराम. मोठे मोठे अक्षर, सुतळीचे. म्हणे, याच्यावरून बोट फिरव. सुतळी माह्या वळखीची होती. लहानपणापासून हातात तेच. दोन-तीन दिवस बोट फिरवलं, मंग तिनं सुतळी उचलली अन् म्हणे आता तू मांड. मी मांडलं. मंग काडीनं मातीत. मंग कोळशानं भिताडावर. माय वरडे, घर काळं करून राह्यला म्हणून. महिन्याभरात माह्या हाताले माह्यं नाव यायले लागलं. ती सुतळी मंग मी जाळ्यात घातली, फाटलं होतं तेथी. माह्या नावानं दोन-तीन वर्ष मासोळ्या धरल्या असं मी गमतीनं म्हणो.

गोकुळा शेजाऱ्याईले सांगत फिरे, "आमच्या घरी आता अंगठा नाई."

सातवीचा निकाल लागला अन् गुरुजीनं तिचं नाव नागपूरले नार्मल शाळेत धाडलं. दोन वर्ष शिकाचं, राह्याले तेथीच, सरकार महिन्याले वजिफा देते. दोन वर्षानं मास्तरीण. आमच्या इकडं मास्तरीण कोणी पाह्यली नव्हती, अन् ढिवराची तं गोष्टच सोडा. जागा मिळाल्याचं पत्र आलं. गुरुजीनं निरोप धाडला, बाप नाई तं मोठ्या भावानं येऊन कागदावर सही करावी, सोमवारपर्यंत. जायचं नसन तं तसंही लिहून द्यावं, म्हणजे ती जागा मांगच्या पोरीले जाइन.

अन् त्याच आठवड्यात आमचा रामाजी मामा सोयरीक घेऊन आला.

नदीपलीकडचं घर. पोरगा इस्तारी, त्याची बहीण मंगली. मंगलीले मी पाह्यली होती. मार्कंड्याच्या जत्रेत मामानं दुरून दाखवली होती. बांगड्यावाल्यासंगं भांडून राह्यली होती, एक बांगडी फुटकी देल्ली म्हणून, अन् भांडता भांडता हासली. ते हासणं घेऊन मी तीन महिने झोपत होतो. आता मामा म्हणे, दोन्ही लग्नं एकाच मांडवात, पाणी लागायच्या आत. ते लोक थांबणार नाईत. मंगलीले दुसरीकडून मागणी आहे, देज घेऊन बसले आहेत.

मायले इचारलं. मायनं चुलीतलं लाकूड मांगं ओढलं अन् म्हणे, "बाप नाई. आता तूच बाप. तू करशील ते."

गोकुळाले कळलंच. एवढ्याशा घरात लपते काय? मी अंगणात जाळं शिवत होतो. ती येऊन समोर बसली. मले वाटलं आता रडन, मंग मले सोपं जाइन. रडली नाई ती. हिशोबी पोरगी होती. म्हणे, "भाऊ, दोन वर्ष थांब. मी मास्तरीण झाली का पगार येइन. तुह्यं देज मी देइन. मंगलीचं नाई जमलं तं दुसरी पाहू, पण वाजतगाजत आणू."

मी म्हणलं, हाव.

आता तुमी म्हणाल, याच्या मनात तवाच पाप होतं. नाई. खोटं सांगत नाई, सोमवारी सकाळी घरून निघालो तवा सही कराले म्हणूनच निघालो. गोकुळानं माह्यं धोतर धुवून ठेवलं होतं. दारात उभी राहून म्हणे, "घाई करू नको, सावकाश काढ. पहिलं अक्षर निघालं का पुढचे आपोआप येतात." अर्ध्या वाटेपर्यंत मी हवेत बोट फिरवत गेलो.

चामोर्शीच्या वेशीवर चहाचं दुकान. तेथी रामाजी मामा बसला होता, अन् संगं आमच्या तलावावरचे दोघं. मामानं चहा पाजला. म्हणे आज संध्याकाळी त्याईले जबाब पाह्यजे, नाईतं ते पोरगी दुसरीकडं देतात. मी गोकुळाचं सांगतलं, दोन वर्ष, पगार, देज. तं त्याच्यातला एक म्हणे, "वा रे मर्दा. बहीण कमावन अन् तू बायको करशील." दुसरा म्हणे, दोन वर्षानं मास्तरीण परत येइन अन् तुले वळखणार पण नाई, पाय पुसाले लावून घरात घेइन तुले. मामा नुसता हासला. त्याच्या हासण्यानंच माह्यं काळीज फाटलं.

तेवढंच झालं. दुसरं काईच नाई. कोणी मारलं नाई, कोणी धमकी देल्ली नाई. एक कप चहा, दोन माणसाईचे टोमणे अन् मामाचं हासणं.

शाळेत गेलो. गुरुजीनं दोन कागद काढून ठेवले होते. मले खुर्ची देल्ली. माह्या जन्मात मले खुर्चीवर कोणी बस म्हणलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "काय ठरवलं?"

मी म्हणलं, गोकुळाची इच्छा नाई.

माह्या लग्नासाठी, असं म्हणाले जीभ उचलली नाई. म्हणून तिचं नाव सांगतलं. ती भेते म्हणलं, नागपूर दूर आहे म्हणलं, मायले सोडून राहत नाई म्हणलं. गुरुजी माह्याकडे पाहत राह्यले. त्याईनं दोनदा इचारलं, "तिनं स्वतः सांगितलं?" दोन्ही वेळा मी हाव म्हणलं. मंग त्याईनं दुसरा कागद घेतला, लिहिला, वाचून दाखवला. मुलीची जाण्याची इच्छा नसल्यामुळं जागा सोडत आहोत, असं काईतरी. अन् शाईची डबी माह्यापुढं सरकवली, अंगठ्यासाठी.

येथी मी जे केलं ते मले आजवर समजलं नाई. मी डबी मांगं सरकवली. म्हणलं, "गुरुजी, मले सही येते."

मले मिरवाचं होतं. समजा, बहिणीचा गळा कापाले बसलो अन् सुरी किती चमकते ते दाखवून राह्यलो. गुरुजीनं टाक देल्ला. मी सावकाश, जसं तिनं सांगतलं तसं, एक एक अक्षर काढलं. हात थरथरला नाई. चांगली निघाली सही. गुरुजीनं टिपकागद दाबला अन् म्हणाले, "कोणी शिकवलं?"

मी म्हणलं, गोकुळानं.

त्याईनं कागदाची घडी घातली. मी उठलो तरी वर पाह्यलं नाई.

परत आलो तं गोकुळा वेशीपर्यंत आली होती. पहिलं तेच इचारलं, "केली का? हात थरथरला का?" मी म्हणलं नाई थरथरला. म्हणे कशी काढली, दाखव. अन् घरी नेऊन चुलीतली राख जमिनीवर पसरवली. मी काढली. काय करता? राखेत बोटानं केवळराम लिहिलं. तिनं मान इकडून तिकडून करून पाह्यलं, शेजारच्या सुगंधाबाईले बोलावून दाखवलं. म्हणे, पाह्य काकू, माह्या भावाची सही नागपूरले जाऊन राह्यली.

माय चुलीपाशी होती. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् समजून गेली. मायले सांगावं लागत नाई. तिनं मान खाली घातली. त्या दिवशी कालवण होतं, मासोळीचं मुंडकं माह्या ताटात होतं. घरच्या कर्त्याले देतात तसं गोकुळानंच वाढलं होतं. मी खाल्लं. तेही सांगतो. घशाखाली गेलं ते.

पण दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन बसली. सुगंधाबाईची पत्र्याची पेटी मागून आणली होती, त्यात दोन लुगडी, पाटी, अन् पुरचुंडीत रिठे. इतके रिठे कशाले, मी इचारलं. म्हणे, "तेथी नागपूरच्या पोरी असतीन नं."

माह्यानं बसवलं नाई. जाळं टाकलं तेथीच अन् पळत चामोर्शीले गेलो. गुरुजीले म्हणलं, चुकलो, तो कागद फाडा. मी खोटं बोललो. गुरुजी म्हणाले कागद कालच टपालात गेला. मी म्हणलं मंग दुसरा लिहा, याले समजलं नाई म्हणून लिहा, अडाणी माणूस आहे म्हणा. माह्यासारख्याईचे कागद असेच फिरतात, ते मले माहीत होतं. तलावाच्या लिलावात आमच्यातल्या बुधूनं अंगठा देल्ला अन् मंग म्हणला मले वाचून दाखवलं नाई, तं साहेबानं कागद बदलून देल्ला होता.

गुरुजी म्हणाले, "अंगठा असता तर मी तसंच लिहिलं असतं, केवळराम. तुझी सही आहे. सही करणारा वाचून करतो असंच सरकार धरतं." अन् म्हणाले, "मीही तसंच धरलं."

तरी त्याईनं पत्र लिहिलं. आठ दिवसानं जबाब आला, जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे.

पण त्याच्या आधीच गोकुळा शाळेत गेली होती, कोणत्या तारखेले निघाचं ते इचाराले. मी घरी तोंड उघडलंच नव्हतं. ते गुरुजीच्या अंगावर टाकलं मी. तेथी काय झालं ते मले गुरुजीनंच मंग सांगतलं, माह्या लग्नाच्या दिवशी, मांडवाच्या बाहेर. म्हणाले, मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, अंगठा दिला का सही केली? मी म्हटलं सही. ती मग म्हणाली, "बरोबर काढली होती का, गुरुजी?"

घरी आली ती पेटी रिकामी करून सुगंधाबाईले वापस देऊन आली. रागावली असती, शिव्या देल्ल्या असत्या, तं मी पाय धरले असते. जेवाले वाढे, पाणी दे, भाऊ म्हणे. अन् गावात कोणी इचारलं, काऊन वं, नाई गेली नागपूरले? तं सांगे, "मलेच नव्हतं जायचं. करमलं नसतं." माहा खोटा शब्द तिनं उचलून आपल्या पदरात बांधला. गावात माही लाज राखली, अन् माह्यापाशी मले ठेवलं तसंच उघडं.

पंधरा दिवसानं दोन्ही लग्नं एकाच मांडवात झाली. एका दाराहून मंगली आत आली, त्याच दाराहून गोकुळा बाहेर गेली.

मंगली चांगली बाई आहे. तिचा यात काई दोष नाई. ती हासते तवा मले आनंद होते, अन् लगेच वाटते, हे हासणं कोणाच्या पैशाचं आहे. इस्तारीही वाईट नाई, बायकोले मारत नाई. गोकुळा नदीपलीकडं मासोळ्या सोलते, खारवते, टोपलं घेऊन बाजारले जाते. साट्यालोट्यात आणखी एक गोष्ट असते. एक पोरगी रुसून माहेरी बसली का दुसरीलेही तिचे माहेरवाले घेऊन जातात. म्हणून गोकुळा सणाले आली तरी दोन दिवसाच्या वर राहत नाई. माहा संसार मोडू नये म्हणून.

याले आता सहा वर्ष झाले. यंदा आमच्या दोन्ही गावच्या ढिवराईनं मिळून मच्छीमार सोसायटी काढली, तलाव ठेकेदाराच्या हातात जाऊ नये म्हणून. मीटिंग शाळेच्या पडवीत. मोठा कागद फिरवला, ज्याले सही येते त्यानं सही, नाईतं अंगठा. माह्यापुढं आला तवा मी डबी ओढली अन् अंगठा देल्ला. त्या सोमवारपासून मी कुठीच सही केली नाई. गुणवंतराव गुरुजी कागद सांभाळाले बसले होते. त्याईनं पाह्यलं अन् कागद पुढं सरकवला.

त्या दिवशी इस्तारी तापानं पडला होता. त्याच्या बदल्यात गोकुळा आली होती, कडेवर पोरगं घेऊन. गर्दीत मले दिसली नव्हती. कागद तिच्यापुढं गेला. तिनं पोरगं खाली ठेवलं, टाक घेतला, अन् सही कराच्या आधी वरचे नावं वाचत आली. माह्या अंगठ्यावर थांबली. सगळी पडवी पाहून राह्यली होती, बाईमाणूस सही करते म्हणून.

तिनं मान वर केली अन् मोठ्यानं इचारलं, "काऊन भाऊ, इसरला का?"

मी म्हणलं, "हाव. इसरलो."

सहा वर्षात ती माह्याकडं असं सरळ पहिल्यांदा पाहत होती. म्हणे, "मंग पुन्हा शिकवीन. सुतळी आहे माह्याजवळ." अन् टाक शाईत बुडवता बुडवता म्हणे, "पण आता सही कराच्या आधी कागद मले दाखवत जाजो."

लोक हासले. बहीण भावाची मस्करी करून राह्यली म्हणून हासले. मी पण हासलो, तलावावर हासो तसा. गुरुजी तेवढे हासले नाईत. गोकुळानं माह्या अंगठ्याच्या खाली आपलं नाव लिहिलं, एका दमात, टाक न उचलता, अन् पोरगं उचलून बायकाईत जाऊन बसली.

मी अंगठा धोतराले पुसत बसलो. शाई निघे नाई. मंग बाहेर जाऊन तलावावर बसलो, अन् तेथी रिठ्याचं झाड आहे, त्याच्या खाली पडलेले दोन रिठे घेऊन अंगठा घासाले लागलो.